शेततळ्यातलं खारं गवत

आणे पठारावर उन्हाळ्यात पाणी राखणं म्हणजे म्हातारपणी दात राखणं. प्रयागबाईचं शेततळं अजून अर्धं भरलेलं होतं, आणि तिची डाळिंबं त्यावरच तगून होती. त्या सकाळी ती मोटर चालू करायला गेली, तर पाण्यातून एक काळपट हिरवं गवत तळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कागदावरून काठाशी चढलेलं. वास सुकटीचा.

तणावर मीठ टाकायचं, ही तिच्या सासूची शिकवण. पाण्यात टाकायला ती वेडी नव्हती. काठावरच्या मुळांवरच तिनं दोन ओंजळी जाडं मीठ ओतलं.

दुसऱ्या दिवशी मिठाचा खडाही उरला नव्हता. गवत मात्र दुप्पट झालं होतं. कापायला तिनं हात घातला, तशी पात मनगटाला गुंडाळली आणि घाम चाटू लागली, वासराच्या जिभेसारखी खरखरीत. प्रयागबाईनं हिसका देऊन हात सोडवला.

"अगं, शेळ्या पडू नयेत म्हणून तळ्याभवती जाळं बांधलंय ना..." तिचा नवरा हौशीराम पुटपुटला. "आळेफाट्याच्या बाजारात जुनं घेतलं व्हतं. मासेमारीचं, समुद्रातलं हाय ते. त्यातनंच आलं असंल हे. पाणी सोडून देऊ... बाग गेली तर गेली."

"पाणी माजं हाय. ते गवत जाईल, पाणी न्हाई."

जाळं तिनं जाळून टाकलं. मिठाचा कण, घामाचा थेंब तळ्याला लागू दिला नाही. गवत काळं पडून बसलं. प्रयागबाई खूश झाली आणि तिथंच फसली.

अमावास्येच्या संध्याकाळी नवी पालवी दिसली. पोपटी, कोवळी, बिनवासाची. तिनं तळहातावर मीठ धरलं. पाती मागे सरल्या. मिठाची गरजच संपली होती त्याला.

भीती वाटली, पण रागानं तिच्यावर मात केली. पदर खोचून, काठाच्या दोराला धरून ती कमरेइतक्या पाण्यात उतरली.

"गोड पाणी पचवलंस व्हय? आता मला पचवून दाव."

विळा चालत राहिला. अंधार पडेतो तिनं मुळासकट सगळं उपटून काठावर पेटवलं.

घरी येऊन ती पाणी प्यायला माठाकडे वळली. माठ टँकरच्या पाण्याचा, तळ्याचा थेंब त्यात नव्हता. झाकण मात्र तिरकं झालेलं.

"अवं... झाकणाला हात लावला का तुमी?"

"न्हाई."

प्रयागबाई माठासमोर मांडी घालून बसली, ओला विळा मांडीवर घेऊन. झाकण आतून हळूच उचललं गेलं, आणि फटीतून एक पोपटी पात बाहेर आली.