अत्तर कोणी लावलंय?

"अत्तर कोणी लावलंय?"

चिरीसान डोंगराच्या पायथ्याशी आम्ही पाठपिशव्या सावरत उभे होतो, आणि आमच्या वाटाड्याचं पहिलं वाक्य हे. सगळी नाकं माझ्याकडे वळली. आईचा गुडघा ऐनवेळी रुसला म्हणून या काही दिवसांच्या पदभ्रमंतीला मी तिच्या जागी आले होते. कानामागे दोन थेंब लावले, तर लगेच चौकशी.

"मी लावलंय. गुन्हा आहे का?"

"ऑक्टोबर आहे. गांधीलमाश्या चवताळलेल्या असतात. वासावर येतात, काळ्या रंगावर तर धावूनच." त्यानं माझ्या काळ्या टोपीकडे पाहिलं आणि स्वतःची फिकट पिवळी टोपी काढून पुढे केली. "ओढ्यावर मान धुऊन या. थांबतो आम्ही."

गार पाण्यानं मान धुताना मी त्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. टोपीला मात्र उन्हाचा वास होता…

त्याचं नाव क्वोन. त्याचा एक नियम होता – सगळ्यांत हळू चालणारा माणूस त्याच्या लगेच मागे. म्हणजे वेग त्या माणसाचा, कुणाची फरफट नाही. दुपारपर्यंत ती मानाची जागा मला मिळाली. वाट एकाच माणसापुरती. त्यामुळे क्वोनची नि माझी ओळख झाली ती पाठीकडून. पाठ, पिशवी आणि दोन कान. चेष्टा केली की पाळ्या लाल व्हायच्या.

"तुम्ही मागे वळून बघतच नाही का हो?"

"पाय घसरेल."

"कुणाचा?"

पाळ्या… लाल.

मधूनच न वळता तो काकडीचा तुकडा मागे करायचा.

"तहान नाही लागलेली."

"लागायच्या आधीच खायची असते, नारे."

नारे – माझं नाव इतकं बरं आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या सकाळी ओढा ओलांडताना मोजा भिजला. तेव्हाच बदलायचा, तर मी तशीच चालले, आणि टाचेला टपोरा फोड आला. बोलायची सोय नव्हती. पाय दुखावला की गावच्या बसनं थेट शेवटच्या गावी, हाही त्याचाच नियम. आणि मला उद्याचा खिंडीचा अख्खा दिवस त्या दोन कानांमागे हवा होता.

संध्याकाळी मुक्कामी आमच्यातल्या ओक-सुन काकूंनी फोड पाहिला आणि सुई-दोरा काढला. "दोरा ओवला की पाणी निथळतं बघ. सकाळी हरणासारखी पळशील. त्याला कशाला सांगायचं?"

मी पाय पुढे केला.

"काकू, सुई ठेवा." दारात क्वोन.

"चोरून बघतोस होय रे?"

"दुपारपासून मागच्या पावलांचा आवाज बदललाय. वाट बघत होतो… आपणहून सांगतील म्हणून."

त्यानं माझी टाच स्वच्छ धुतली, मऊ पट्टी लावली. मान खाली, बोटं हलकी.

"फोड फोडला की आत घाण जाते. उद्या बस."

"उद्या खिंड आहे."

"माहितीय."

"उद्या शेवटचा दिवस आहे."

"तेही माहितीय." पट्टी केव्हाच चिकटली होती, तो तिची कड दाबतच राहिला. "पाय चिघळला, तर पुढच्या महिन्यातसुद्धा चालता येणार नाही."

"पुढच्या महिन्यात मला कुठे जायचंय?"

काकूंना दोरा गुंडाळायला फारच वेळ लागत होता.

"ते… उद्या विचारीन. पोचल्यावर."

दुसऱ्या दिवशी रबरी चपला घालून मी बसनं गेले – खिडकीशी, गाल फुगवून. शेवटच्या गावात छपराखाली केशरी फळांच्या माळा वाळत होत्या. तिथं बसून काकड्या सोलल्या, सगळ्यांसाठी. मग पिशवीतली कुपी काढली. दोन थेंब.

उन्हं कलताना मंडळी खिंडीतून उतरली. काकू पुढे; काकडी घेतली, हवा हुंगली आणि हसत निघून गेल्या. सगळ्यांत शेवटी तो. थबकला.

"अत्तर कोणी लावलंय?"

"गावात गांधीलमाश्या नाहीत. विचारून घेतलंय मी."

त्यानं काकडी घेतली. खाल्ली नाही.

"समुद्राकाठी एक वाट आहे. सपाट. पुढच्या महिन्यात… गट नसेल. फक्त—"

"फक्त सगळ्यांत हळू चालणारी?"

"हो."

"आणि तिनं पुन्हा पाठच बघायची?"

"नाही," तो म्हणाला. "ती वाट रुंद आहे."

कानांकडे बघायचं मी विसरूनच गेले. समोर अख्खा चेहरा होता.