चौदा नंबरची बेल

भाऊजी, चहा नको. तुम्ही बसा आधी. मागच्या तीन खेपांना हेच बोलायला आलो होतो आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारून पळून गेलो. आज ही पिशवी टेबलावर ठेवतो, म्हणजे मला पळता येणार नाही. उघडू नका लगेच.

ताई ऑफिसात मला ‘कॅलेंडर’ म्हणायची, हे तुम्हाला माहीत असेल. “काय कॅलेंडर, आज कुणाचं पान फाडलंस?” कामाच्या तारखा ठरवायच्या, कुणाला किती दिवस द्यायचे ते मांडायचं, हे माझं काम. आम्ही बनवलेलं सगळं तपासायचं, हे तिचं. ऑफिसात ती सगळ्यांची ताई, पण आम्ही तिला ‘चाळणीबाई’ही म्हणायचो. तुम्ही कितीही छातीठोकपणे सांगा की चालतंय, ती हात पुढे करून एकच शब्द बोलायची, “दाखव.”

हॉस्पिटलच्या बेलचं काम तिनेच तपासलं. पेशंटने उशाशी असलेलं बटण दाबलं की त्यावर लाल दिवा लागतो, नर्सच्या फळ्यावर बेडचा नंबर उमटतो, आणि कुणीतरी जाऊन बाजूची कळ दाबेपर्यंत तो दिवा विझत नाही. सोपं काम. तपासणीच्या तक्त्यातली एकच ओळ राहिली होती: दोन बेडवरून एकाच क्षणी बेल दाबली तर? त्याला दोन माणसं लागतात, दोन टोकांना. ताईने पाच दिवस मागितले होते. मी अर्धा दिवस दिला. आणि त्या अर्ध्या दिवशी तिचं पोट दुखायला लागलं, ती रजेवर गेली.

दुसऱ्या दिवशी काम हॉस्पिटलला द्यायचं होतं. साहेब डोक्यावर बसलेले. तिचा पासवर्ड खणात चिकटवलेला होता, सगळ्यांना माहीत होता. मी तिच्या नावाने आत शिरलो, त्या ओळीपुढे ‘तपासले, ठीक’ लिहिलं आणि तक्ता हिरवा करून टाकला. आमच्यात हे चालतं, भाऊजी. तारखेच्या आदल्या दिवशी सगळेच करतात. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय, की आता त्याची शिसारी येते.

मग तिचं ऑपरेशन ठरलं. तुम्ही दुसरं हॉस्पिटल म्हणत होता, आणि तीच हट्टाला पेटली, आठवतं? “तिथली बेल माझी आहे, माझ्यासाठी वाजणारच.” आदल्या दिवशी मी भेटायला आलो होतो. तुम्ही फॉर्म भरत होता. ती मला हळूच म्हणाली, “माझी ती राहिलेली ओळ झाली ना रे?”

मी म्हटलं, “झाली की.”

“दाखव.”

“बरी होऊन ये, मग दाखवतो.”

ती हसली. भाऊजी, माझ्यावर विश्वास ठेवून हसली ती.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ऑपरेशननंतरचा तिसरा दिवस, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. तुम्ही खाली औषधं आणायला गेला होतात. चौकशीत नोंदी काढल्या, तर त्या वेळी नऊ नंबरच्या आजोबांनी पाण्यासाठी वाजवलेली बेल होती. ताईच्या चौदाची नव्हती. बटणावरचा दिवा लागला होता का, धावपळीत कुणी विझवला का, कुणालाच आठवेना. ताईने बेल दाबलीच नाही, असा निष्कर्ष निघाला. तुम्ही माझा हात धरून विचारलंत, “तिने बेल का नाही दाबली रे?” आणि मी म्हणालो, “झोपेतच गेली असेल.” तेव्हाच मला ती न तपासलेली ओळ आठवली होती. तरी मी वेळ मारून नेली.

आता मागच्या रविवारचं ऐका. तीच बेल सोमवारी आणखी सहा हॉस्पिटलांत जायची होती. ऑफिस रिकामं, बाहेर लख्ख ऊन. मी तक्ता उघडला. सगळं हिरवं, एकच ओळ लाल. तीच. मी ‘ठीक’ लिहून बंद केली. पान पुन्हा उघडलं, तर लाल. चार वेळा केलं. पाचव्यांदा नीट पाहिलं. पुढे ताईचं नाव होतं, आणि तपासणी सुरू झाल्याची तारीख त्याच रविवारची.

म्हटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. तरी पाय आपोआप चाचणीच्या खोलीकडे वळले. तिथे टेबलावर नमुन्याची बटणं असतात. नऊ नंबरचं माझ्या हाताशी होतं, चौदाचं पलीकडच्या काचेच्या खोलीत, भिंतीला टांगलेलं. त्या खोलीला कुलूप होतं, आणि आत कुणी नव्हतं. मी दोनदा पाहिलं. एसी बंद होता, तरी गारठा होता. आणि तो वास… हॉस्पिटलात फरशी पुसल्यावर येतो ना, तो.

कानाशी, अगदी हळू… “दाखव.”

मी वळलो नाही. वळायची छाती झाली नाही. नऊचं बटण दाबलं. त्याच क्षणी काचेपलीकडे… टक्. चौदाचा लाल दिवा लागला. मी फळ्याकडे पाहिलं. त्यावर नऊ होतं. फक्त नऊ.

पुन्हा टक्… मग पुन्हा. नऊने फळा अडवून धरला होता, चौदा आलंच नाही.

धडपडत जागेवर आलो. त्या लाल ओळीपुढे, तिच्या नावाने, शेरा पडला होता: ‘नापास. दाबली होती. तीनदा.’

सोमवारी मी काम अडवलं. सगळ्या हॉस्पिटलांना कळवलं की बेलमध्ये दोष आहे. सगळे म्हणाले, वेळेत पकडलंस, शाबास! खोटी सही कुणाची, ते मी सांगितलं नाही. उद्या साहेबांना सांगणार आहे, नोकरी गेली तर जाऊ दे. पण आधी तुम्हाला सांगायचं होतं. ती झोपेत गेली नाही, भाऊजी. तिने बेल दाबली होती. ती वाट बघत होती. माझ्यामुळे कुणी आलं नाही.

मारा मला. पिशवी का ओढताय?

…बरं. उघडा पिशवी. हो, तेच, चौदाचं. वायर मी कापून आणलीय, बघा, कशालाच जोडलेलं नाही. तरी रविवारपासून दिवा लागलेलाच आहे. बाजूची कळ मी शंभरदा दाबली असेल. माझ्याने विझत नाही. म्हटलं, ती तुम्हाला बोलवत असेल. एकदा तुम्ही दाबून बघा ना…

विझला. भाऊजी, विझला! रडा, रडून घ्या. मी इथेच बसतो.

…तुम्ही हात लावलात का त्याला पुन्हा? नाही ना? मीही नाही.

टक् झालं आत्ता. परत लागलाय बघा. तुम्ही तर आलात… मग आता कुणाला बोलावतेय ती?