मेलेल्या गड्याशी बोलायचं नसतं

डोंगरकड्याच्या शिवारात चतुरा शेरडं वळत होती. तेवढ्यात बांधावरून एक पोरगं धावत आलं. खांद्यावर अख्खा मेंढा आणि तोंडात एकच... हुतूतूतूतू...

"काय करून राहिले ओ पैलवान?"

"हुतूतूतूतू..."

"नाव तरी सांगा! मुके हायेत का?"

बाभळीला वळसा घालून तो तिच्यापुढं आला, मेंढा उतरवला आणि दम सोडला. "सोनाजी. नाव सांगाया दम मोडायचा, तू काय निजामाची राणी हायेस?"

"न्हाई. पन थांबलात की माझ्यापाशी..."

सोनाजी लाजला. मेंढा तेवढ्यात पार ज्वारीत शिरला होता.

सोनाजी हिंगोलीच्या शाळेत शिकत होता, दिवाळीच्या सुट्टीला गावी आला होता. शाळेच्या हुतूतूच्या संघात त्याच्याइतका खोल कुणी घुसत नव्हता. गुडघे कायम सोललेले, कानामागं खोक. गाव म्हणायचं, रिकामटेकडं पोरगं. ज्यांनी जन्मात कधी अंगाला माती लावून घेतली नाही, तीच माणसं अशी बोलतात. खुशाल बोलोत.

चतुराची नर्मदाकाकूही त्यातलीच. "खेळाड्याला कोन पोरगी देतं?" काकूनं पुसेगावचं भरल्या घरचं स्थळ धरलं होतं. चतुरा हो म्हणाली की सुपारी फुटणार होती. घरात चतुरा गप्प असायची. बांधावर मात्र सोनाजीशी बोलता बोलता तिचा दिवस कलायचा.

सुट्टी सरली, सोनाजी गेला. पुढं जवळा बाजार गावी आठवडी बाजाराच्या दिवशी त्याच्या शाळेचा सामना ठरला. त्याच दिवशी काकू चतुराला बांगड्या भरायला तिथं घेऊन आली. पुसेगावची होणारी सासूही शेजारी बसली होती. एक हात भरून झाला, अन् मैदानाकडून आरोळी उठली...

"मेला! सोनाजी मेला!"

चतुरानं हात हिसकला. बांगड्या फुटल्या, मनगटातून रक्त आलं. गडीमाणसांची गर्दी फाडून ती आत घुसली. सोनाजी रेषेबाहेर धुळीत बसला होता. चांगला धडधाकट!

तिच्या गावात गडी 'बाद' होतो. इकडं तो 'मरतो'. तिला काय ठाऊक?

"मेल्या!" तिला रडूच फुटलं. "मला वाटलं..."

"हळू," सोनाजी कुजबुजला. "मेलेल्या गड्याशी बोलायचं नसतं. पंच वरडंल."

"मग असंच मरून बसनार?"

"आपला कुनी त्यांचा गडी मारील, तव्हा मी जिता." त्यानं मैदानाकडं बोट केलं. त्याच्याच संघातला, डोक्याला फडकं बांधलेला ग्यानबा चढाईला निघाला होता. "घरी चुकलो की बाप हानतो. शाळंत उर्दूचा मास्तर. इथं चुकलो, तर ह्यो फुटक्या डोक्यानं माझ्यासाठी आत जातो. म्हनून खेळतो मी, चतुरा. दुसरं काय बी न्हाई."

ग्यानबाला तिघांनी धरलं, तरी तो फरफटत रेषेला शिवला.

"जिता! सोनाजी जिता!"

सोनाजी उठला. "जाऊ नको... सामना हुईस्तोवर थांब," म्हणाला आणि आत पळाला.

धापा टाकत काकू आली, मागून पुसेगावची बाई. "काहून पळालीस गं? चोर होता का?"

चोर होता म्हणणं सोपं होतं. चतुरानं डोळेसुद्धा पुसले नाहीत.

"न्हाई काकू. मला पुसेगावला जायचं न्हाई. त्यो आत गेला न्हवं, त्यो मला पसंत हाय."

काकूनं कपाळाला हात लावला. पुसेगावची बाई सोनाजीकडं टक लावून म्हणाली, "आमचं पोरगं तर बाजेवरून उठता उठत न्हाई, माय!"

"अगं सटवे, त्याला तरी इचारलंस का?" काकू कडाडली.

"सामना झाला की इचारते," चतुरा म्हणाली. "आत्ता त्यो त्याच्या गड्यांचा हाय."

आणि पदर खोचून ती बघ्या गडीमाणसांच्या पुढं, ऐन रेषेवर जाऊन उभी राहिली.