बाजूला ठेवलेली साडी

सन्मती म्हणजे मुलगीच, असं मी धरून चालले होते. म्हणून ‘ताई, दुपारी जेवायला आमच्याकडेच या’ असा मेसेज पाठवला… आणि दुसऱ्या दिवशी आमच्या शहापूरच्या साडीच्या दुकानात, लॅपटॉपची बॅग सावरत, सहा फुटी ताई उभी!

“निपाणीहून आलोय. वेबसाइटचं काम—” तो हसू दाबत म्हणाला, “जेवायचं बोलावणं अजून हाय न्हवं, आक्का?”

माझे कान तापले. आप्पांनी मात्र त्याला गल्ल्याशेजारी खुर्ची दिली, आणि कुठली साडी कशी दाखवायची ते सांगायचं काम माझ्या गळ्यात घातलं.

आम्ही भांडलो ते एका बटणावरून. त्यानं ‘कार्टमध्ये टाका’ असं लिहिलं होतं.

“आमचं गिऱ्हाईक असं बोलत न्हाय,” मी म्हणाले. “साडी आवडली की ते म्हणतंय, ही बाजूला ठेवा. कानडी असलं तर म्हणतंय तगदिडरी. एकदा बाजूला ठेवली की ती साडी दुसऱ्याला दाखवायची सुद्धा न्हाय. आप्पांचा नेमच हाय.”

“दाखवायची सुद्धा न्हाय?”

“न्हाय म्हणजे न्हाय.”

त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं… आणि बटणावर ‘बाजूला ठेवा’ असं लिहिलं. त्या दिवसापासून मी रोज गजरा माळून दुकानात जायला लागले. आईनं कारण विचारलं, तर म्हटलं, उकाडा फार आहे.

मग सोनल आली. शेजारच्या अनगोळची, त्याच्या कॉलेजातली, साड्या नेसून फोटोला उभी राहणारी. देखणी होती, हे मला कबूल करावंच लागेल, आणि दुखणं तेच होतं.

“सोनल, मान जरा इकडं… आता हस की… वा!” तो कॅमेऱ्यामागून म्हणायचा, आणि मी तिच्या पायाशी बसून निऱ्या सारख्या करायची. माझ्याच दुकानात! एकदा मी पिन अशी टोचली, की ती “आई गं” म्हणून ओरडली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

शेवटची अंजिरी साडी राहिली, तेव्हा सोनलला घरून बोलावणं आलं.

“तुम्हीच नुसता पदर धरा,” तो मला म्हणाला. फोटोत माझा फक्त हात आला. तिचे चाळीस फोटो आणि माझा एक हात! त्या दिवशी मी त्याला चहा विचारला नाही.

वेबसाइट सुरू झाली त्या सकाळी तो सगळं समजावून द्यायला आला होता. दुपारच्या गाडीनं निपाणीला जाणार होता, आणि परत यायला त्याला काही कारणच उरणार नव्हतं. मी मोबाइलवर एकेक साडी उघडून बघत होते. अंजिरी साडीखाली बटणच नव्हतं. तिथं लिहिलं होतं — ‘ही साडी बाजूला ठेवलेली आहे.’

कुणासाठी, ते विचारायची मला गरजच वाटली नाही. साडी सोनलसाठी बाजूला ठेवलेली… आणि मी नुसतीच बाजूला ठेवलेली. डोळे भरून आले, आणि त्याचाही राग आला. मी फळीवरची ती साडी ओढली आणि त्याच्यासमोर आपटली.

“न्या! द्या तुमच्या सोनलला. दुकानातर्फे आहेर!”

तो काही बोलणार इतक्यात माझा फोन वाजला. सोनलच होती.

“माधवी, ती अंजिरी मला पाहिजे होती गं! कुणी बाजूला ठेवली? बघ की, सोडतात काय ते…”

“बघते,” म्हणून मी फोन ठेवला. माझा आवाज एकदम बारीक झाला. “तिच्यासाठी न्हाय?”

“न्हाय.”

“मग कुणासाठी?”

“त्या फोटोतल्या हातासाठी.” त्याचे कान लाल झाले होते. “फोटो काढला त्याच दिवशी ठेवलीया… दुसऱ्या कुणाला दाखवायचीच न्हाय म्हणून.”

“हे सरळ सांगायला काय झालतं?”

“पहिल्याच मेसेजात तुम्ही ताई म्हटलासा. धीर व्हायला नको व्हय?”

मला हसू आणि रडू एकदमच आलं. तरी मनातली ठसठस जाईना.

“ते चाळीस फोटो लई झाले,” मी नाक ओढत म्हणाले. “निम्मे काढून टाका.”

“मग तिथं काय लावू… तुझा हात?”

तुझा! मी साडीची घडी उगाचच पुन्हा घालायला लागले.

तेवढ्यात पुढून आप्पांनी हाक मारली, “माधवी, ती अंजिरी आण गं! गिऱ्हाईक आलंय.”

“न्हाय आप्पा!” मी साडी छातीशी धरली. “ती बाजूला ठेवलीया.”

“कुणी ठेवली?”

“निपाणीच्या गिऱ्हाइकानं,” त्याच्याकडे बघत मी म्हणाले. “आणि ते आज दुपारच्या गाडीनं जाणार न्हाय.”