दवाखान्यातली तमिळ पाटी

"थांबा, सिस्टर! सुई मारू नका!"

दारात ऑइलनं माखलेला एक तरुण उभा होता. माझ्या हातात भरलेली सिरिंज.

त्या दुष्काळात आमच्या गावच्या दूध सोसायटीनं बोअर पाडायला तमिळनाडूची गाडी बोलावली होती. गाडीवरच्या पळनी नावाच्या मजुराच्या पायाला लोखंड लागलं होतं. मघापासून तो "वेंडाम, वेंडाम" म्हणत हात हलवत होता... आणि आम्हाला वाटलं, गडी सुईला भितोय!

तरुण त्याच्याजवळ बसला. दोघं भराभर काय काय बोलले! मी थक्क होऊन ऐकत राहिले.

"वेंडाम म्हंजी नको. पेनिसिलिन न्हाई चालत ह्याला. मागं दिलतं, तर गळा सुजून मरता मरता वाचला."

मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवून दिली. डॉक्टरांनी लगेच औषध बदललं.

"तुम्हाला तमिळ येतं?"

"मी जमील. सिरसाळ्याचा मिस्त्री, हीच गाडी दुरुस्त कराया आलोय. दोन वर्षं बोअरच्या गाड्यांसंगं फिरलो, तव्हा शिकलो."

"मला शिकवाल?"

"कावून?"

"दर वेळी तुम्ही दारात असाल कशावरून?"

"बोलवून तर बघा," तो हसला.

मग तो रोज दुपारी यायला लागला. तो बोलायचा, पळनी त्याच्या लिपीत लिहायचा, मी खाली देवनागरीत. कुठं दुखतंय, कधीपासून, कोणतं औषध सोसत नाही... पाटी भिंतीवर लागली. "एंगे वलिक्कुदु?", म्हणजे कुठं दुखतंय, हे म्हणताना माझी जीभ अडखळायची. जमील माझ्या ओठांकडं बघायचा — अन् चटकन नजर खाली.

एकदा तो नसताना गाडीवरचा दुसरा मजूर आला. मी पाटी बघून विचारलं, "एंगे वलिक्कुदु?" त्या थोराड माणसाचे डोळेच भरून आले. छातीवर हात ठेवून तो बोलत सुटला. तीन शब्दही नाहीत, आणि एवढं मोठं दार उघडलं! हे आधी जमीलला सांगायचं, एवढंच मनात आलं.

संध्याकाळी तो आला, पण चेहरा उतरलेला.

"बोअरला पानी लागलं. गाडी उद्या तेलंगणात चालली. मालक म्हनतो, संगं चल."

"मग?"

"कुनी थांब म्हनलं, तर न्हाई जानार... हजरा."

त्यानं पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली होती.

"थांबा," मी म्हणाले. एवढ्यानं त्याला कळेल की नाही, या भीतीनं पुढं बोलून टाकलं, "आणि शुक्रवारी तुमच्या अम्मीला घेऊन आमच्या घरी या. अब्बा असतात."