तीन रुमाल

"बाप रे! तुम्हाला तीन हात आहेत?"

तिनं दचकून मागं पाहिलं. चुकीच्या दारानं एक उंच, चष्मेवाला माणूस आत आला होता. ती उकिडवी बसून, काठीला बांधलेला रबरी हात ढब्बूच्या खाण्यात घालत होती.

"तिसरा कुत्र्यांसाठी," ती म्हणाली. "खाताना कुणी हात घातला तर चावतो का, ते बघते. तपासल्याशिवाय आम्ही या निवाऱ्यातला कुत्रा कुणाच्या घरी देत नाही."

"आणि उरलेले दोन?"

"रिपोर्ट लिहायला."

"म्हणजे रिकामा एकही नाही... अरेरे!"

ढब्बूनं रबरी हात चाटूनपुसून लख्ख केला आणि सरळ त्या माणसाच्या बुटावर हनुवटी टेकली. "मला हाच हवा," तो माणूस म्हणाला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. घरी तो आणि आई, दोघंच.

आता राहिली शेवटची चाचणी. नव्या मालकाचा रुमाल आतल्या खोलीत कुत्र्याला हुंगायला द्यायचा. ढब्बूनं रुमाल हुंगला, त्यावर अंग टाकलं आणि घोरायला लागला! पास लिहायचं आणि मोकळं व्हायचं. पण कुत्रा गेला की हाही जाणार... परत कशाला येतोय? तिला काय बुद्धी झाली कोण जाणे, तिनं लिहिलं — ‘वासाला बिचकतो. आठ दिवसांनी पुन्हा तपासणी.’

पुढच्या शनिवारी तो आला. गप्पा झाल्या, हसणं झालं, जाताना त्यानं दोनदा वळून पाहिलं. रुमाल तिच्या खणात, कागदावर तेच वाक्य. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच!

चौथ्या शनिवारी सकाळी पिंजरे झाडणाऱ्या मावशींनी भांडं तिच्यापुढं आदळलं. "तुझ्या ढब्बूनं दोन दिवस तोंड लावलं नाही. तो चष्मेवाला गेला की दाराकडं बघत बसतो नुसता. मुक्या जिवाचे हाल बघवत नाहीत गं!"

तिनं भांड्यात पाहिलं; खाणं जसंच्या तसं होतं.

तेवढ्यात तो आला. आज नेहमीसारखा हसला नाही. "साबण बदलला," तो हळूच म्हणाला. "तेल सोडलं. दुकानातल्या काचा पुसायचं औषधसुद्धा बदललं. आई म्हणते, तुझ्यात असं काय आहे रे, की मुकं जनावरही बिचकावं? ...आता मलाही तेच वाटायला लागलंय. आज नाही जमलं तर नाद सोडतो."

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं तिला झालं. तिनं खण उघडला आणि धुऊन, इस्त्री करून ठेवलेले तीन रुमाल टेबलावर मांडले.

"तो बिचकत नाही... कधीच बिचकला नव्हता. पहिल्याच दिवशी तुमच्या रुमालावर झोपला होता. मीच खोटं लिहिलं."

"का?"

"तुम्ही परत यावं म्हणून."

तो चष्मा काढून पुसत राहिला. मग म्हणाला, "माझं सोडा हो. पण हा तीन आठवडे पिंजऱ्यात बसला..."

"खरंय," ती कसंबसं म्हणाली. डोळे भरून आले होते, पण रडायचाही आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं. तिनं जुन्या तिन्ही आणि आजच्या कागदावर ‘पास’ लिहून सही केली, ढब्बूला आणलं आणि पट्टा त्याच्या हातात दिला. ढब्बू तर आनंदानं नुसता वेडा झाला होता. मान वर करून बघायची तिची हिंमतच झाली नाही.

पावलं दारापर्यंत गेली... आणि थांबली. तो परत आला. दोन रुमाल उचलून त्यानं खिशात घातले. तिसरा तिच्यापुढं सरकवला.

"डोळे पुसा. आणि माझाही रिपोर्ट लिहून घ्या."

"तुमचा?"

"लिहा — गुरगुरतो." आता कुठं त्याच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. "आठ दिवसांनी पुन्हा तपासणी."