नाथा शिरतोडेचे अकरा सेकंद

ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझ्या उरलेल्या चार दाढा पडोत आणि जन्मभर भाकरी पाण्यात भिजवून खायची पाळी येवो. आणखी काय सांगू?

जयसिंगपूरच्या नाट्यगृहात दुपारी तीनचा खेळ होता आणि रंगपटात नाथा शिरतोडे बंडी चढवून घेत होता. वय एक्याऐंशी. हा तोच नाथा, ज्याच्यापायी तीन जिल्ह्यांतली माणसं पोट धरधरून हसली होती. आता त्याच्या आयुष्यावर नाटक बसवलं होतं, आज त्याचं चित्रीकरण होतं आणि नाथाचं काम खुद्द नाथाच करणार होता. कंपवातानं त्याच्या कपातला चहा पोटात कमी अन् बशीत जास्त जायचा. पण बंडीची शेवटची कडी लागली, तसे हात थांबले, पाठ सरळ झाली आणि पाय आपसूक ताल धरायला लागला.

ह्या बंडीला अंगलेख म्हणायचे. कांद्याच्या सालीएवढी पातळ, आत केसाहून बारीक तारा. नाथाच्या जुन्या चित्रफिती बघून यंत्रानं त्याची चाल, मान, भुवई, सगळं शिकून घेतलं होतं. बंडी एकेका स्नायूला हळूच झटका द्यायची आणि अंगाकडून तसंच्या तसं करून घ्यायची. गळ्याला एक पट्टी होती, ती आवाज आणि जबडा सांभाळायची. शिवाय बंडीला कान होते. लोक जिथं हसले तिथं ती रेंगाळायची, जास्त हसले तर तेच धरून ठेवायची. हसण्याची हावरट होती म्हणा ना.

पहिल्यांदा घातली तेव्हा नाथा आनंदानं रडला होता. पंचेचाळिशीतला आपलाच पाय आपल्याला परत मिळाला तर कोण नाही रडणार? पण दिग्दर्शिका केतकीनं पुढचं समजावून सांगितलं आणि तो रडायचा थांबला. आजचा खेळ झाला की बंडी शिकायची थांबणार, तिला कुलूप लागणार. मग कुठल्याही पोरानं ती घालावी आणि हुबेहूब नाथा व्हावं, शंभर वर्षं.

"आज जे होईल ना आजोबा, तेच तुम्ही," ती कौतुकानं म्हणाली होती.

त्याचा जीव अडकला होता अकरा सेकंदांत. त्याचा सगळ्यात गाजलेला प्रवेश शिरगणतीचा. शिरगणतीवाला दारात येतो, विचारतो, "ह्या घरात कर्तं माणूस कोण?" नाथा तोंड उघडतो, डावीकडं बघतो आणि अकरा सेकंद शब्द काढत नाही. नाट्यगृह डोक्यावर घ्यायचे लोक. त्या गप्प बसण्यावर पेपरांत रकाने भरले, शिबिरांतून ते शिकवलं गेलं.

खरी गोष्ट अशी, की तिथं गप्प बसायचंच नव्हतं. तिथं वाक्य होतं. त्याच्या बायकोचं काम करणारी हौसा मोरबाळे डावीकडून पदराला हात पुसत यायची आणि म्हणायची, "सांगा की. मी कुठं अडिवलंय?" हशा होता तो तिचा. वाक्यही तिनंच रचलेलं. पुढं हौसानं चाळिशी गाठली आणि खेळ घेणारा कंत्राटदार म्हणाला, बाई जून झाली, काढा. नाथा तिथंच बसला होता. हौसाही होती. कंत्राटदारानं त्याला विचारलं, तुझं काय म्हणणं? नाथा आपल्या चपलांकडं बघत राहिला.

पुढच्या खेळाला वाक्याची जागा रिकामी. सवयीनं त्यानं डावीकडं बघितलं, तिथं कुणी नव्हतं, हा उभाच राहिला, आणि लोक हसले. सगळ्या चित्रफिती त्यानंतरच्या. यंत्राला हौसा माहीतच नव्हती.

तालमीत नाथानं केतकीला सांगून बघितलं, तिथं मी हौसाचं नाव घेणार. केतकीला वाईट वाटलं, पण संहितेवर नाथाच्या लेकानं आणि चित्रीकरण करणाऱ्या कंपनीनं सही केली होती, आणि बंडी काही वेगळं बोलू देणार नव्हती. नाथानं मग वाद घातला नाही. गुपचूप एक पास कुरुंदवाडला हौसाकडं धाडला, चौथ्या रांगेचा.

खेळ रंगला. शिरगणतीवाला आला, वही उघडली, प्रश्न विचारला. नाथानं तोंड उघडलं. "हौसा" म्हणायला जीभ उचलली आणि पट्टी आवळली. जबडा होता तिथं थिजला. मान डावीकडं फिरली, त्यानं न फिरवता. तो आतून धडका देत होता आणि बाहेर दिसत होती नुसती भुवईची थरथर. लोकांना ती थरथर भलतीच आवडली. हशा वाढला, तशी बंडीनं पकड घट्ट केली. अकरा सेकंद झाले. वीस झाले. डोळ्यांतून पाणी आलं, त्यालाही हशा. थांबवायचं बटण केतकीपुढं होतं, पण तिला वाटलं, म्हातारा कमाल करतोय.

त्या दिवशी कंत्राटदारापुढं तोंड मिटलं ते आपण मिटलं, नाथाच्या मनात आलं. आज कुणाला बोल लावायचा? चाळीस सेकंद. हसणारे थांबेनात आणि ते थांबल्याशिवाय ह्याची सुटका नव्हती.

तेवढ्यात चौथ्या रांगेतून काठी आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ चिरका, खणखणीत गळा.

"सांगा की. मी कुठं अडिवलंय?"

असा हशा त्या नाट्यगृहानं कधी ऐकला नव्हता. शिरगणतीवाल्याच्या हातातली वही पडली. त्या जागी कुणी बोलल्याचं बंडीच्या शिकवणीतच नव्हतं. ती गोंधळली आणि सैल पडली. नाथाचे हात लटलटायला लागले, तो मटकन रंगमंचावर बसला. पण तोंड त्याचं होतं.

"वाक्य हौसाचं," तो म्हणाला. "हशाबी तिचाच. मी गप बसलो हुतो."

हौसा चष्मा पुसत बसली.

कंपनीनं तेवढं कापलं. चित्रपटात अकरा सेकंदांची शांतताच आहे, जाऊन बघा. पण कुलूप लागायच्या आधी बंडी हावरटासारखी ऐकत होती, आणि एवढा हशा तिला जन्मात मिळाला नव्हता. आता कुठल्याही गावात, कुठल्याही पोरानं ती घातली की त्या प्रश्नाला तो अडकतो. जबडा थिजलेला, नजर डावीकडं. मिनिट जातं, दोन जातात. जयसिंगपूरची गोष्ट कानावर आलेली प्रेक्षकांतली एखादी बाई ते वाक्य म्हणेपर्यंत पट्टी सुटत नाही. बार्शीत एक शाळामास्तरीण म्हणाली, गडहिंग्लजला एसटीची कंडक्टर. आणि मग ते विशीतलं पोरगं थरथरत खाली बसतं आणि म्हाताऱ्याच्या आवाजात सांगतं, वाक्य हौसाचं.

एक गोष्ट मात्र मी पदरची घातली. नाथानं पास धाडला नव्हता. तेवढीही छाती त्याला झाली नाही. हौसा आपली आपण तिकीट काढून, काठी टेकत आली होती. आता तुम्हीच सांगा, ती आपलं वाक्य म्हणायला आली होती, का इतक्या वर्षांनी त्याला बघून नुसतं हसायला?